रेघेखालचं नाव

लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत खिडकीची जागा एका फळीनं धरली होती.

फळी सागवानाची, जवळजवळ माणसाएवढी, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेली. शेजारच्या तरुणानं तिला खांद्याशी असं धरलं होतं, की बघणाऱ्यानं मुबारकबादच द्यावी. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं होतं. म्हणजे अर्ध्या सीटवर तिचा कायदेशीर हक्क होता. उरलेल्या अर्ध्यावर तिनं, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, अतिक्रमण केलं होतं.

हुमा मावसबहिणीचं लग्न आटोपून नांदेडला परत निघाली होती. हातांवर मेंदी, डोळ्यांत जागरण, आणि उभं राहण्याची अजिबात तयारी नाही.

"ही कुठं उतरणार?" तिनं विचारलं.

"नांदेडला."

"तोवर मी उभीच?"

तरुण चटकन उठला. "बसा तुम्ही. फक्त... तिला जरा धरता का? वळण आलं की झुकते."

हुमा बसली. चाकूर यायच्या आत फळी तिच्या खांद्यावर तीन-चारदा कलंडली.

"माझ्यावरच का झुकते पण ही?"

"माणूस ओळखती," तो म्हणाला आणि लगेच बाहेर बघू लागला. जणू हे वाक्य बाहेरच्या उसातून आलं होतं.

अहमदपूरच्या अलीकडे उसाचा एक ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला होता. बस थांबली. आणि बस थांबली की मराठवाड्यातला माणूस आपलं आत्मचरित्र सांगायला लागतो.

त्याचं नाव जीशान. लातुरात पाट्या रंगवायचा. निलंग्याकडच्या एका गावात शाळेची नवी इमारत झाली होती. सव्वीस जानेवारीला तिथं नावांचा फलक लागायचा होता, आणि तो याच फळीवर कोरायचा होता. शाळेला जागा दिली होती धोंडाबाईनं. बांधावरचा साग बांधकामात आडवा आला, तोही तिनं दिला. झाड आतून पोखरलेलं निघालं. धड अशी ही एकच फळी मिळाली.

"बाईनं मोबदल्यात एकच मागितलं," जीशान म्हणाला. "पेंटर, माझं नाव तू तुझ्या हातानं काढ. ते कंप्युटरचं नको. ते सगळ्यांचं सारखंच दिसतं, मेलेल्याचं बी आन् निवडून आलेल्याचं बी."

हुमाला हसू आलं. तिनं ते फळीआड लपवलं.

"मी शब्द दिलाय तिला. अक्षर मी काढीन, पण लाकडात कोरायला मशीन लागतं. लातुरात तीन मशीनवाल्यांकडं जाऊन आलो. हातानं काढलेलं अक्षर दाखवलं की म्हणतात, फॉन्ट सांग. अक्षराला कोपरा असतो, हे त्यांच्या गावीच न्हाई. सगळं गोल मारून ठेवतात. आंघोळीचा साबण झिजावा तसं अक्षर."

"मग नांदेडात कोण आहे?"

"देगलूर नाक्याला मोहियोद्दीनभाई म्हणून हायत. हातानं नक्षी करायचे, लई नाव होतं. आता मशीन घेतलंय म्हणे. लेक चालवती."

"हो, ऐकलंय तिच्याबद्दल," हुमा गंभीरपणे म्हणाली. "फार अकडू आहे म्हणतात."

"मशीनवाले सगळे अकडूच."

"आणि दिसायला?"

"ते न्हाई सांगितलं कुणी."

"लोकांना महत्त्वाचं काही सांगता येत नाही," हुमा म्हणाली आणि फळी सरळ केली.

नांदेडला उतरल्यावर तो फळी घेऊन रिक्षावाल्यांशी घासाघीस करत राहिला. हुमा सरळ निघाली, घरी गेली, तोंड धुतलं, दुकानात येऊन ॲप्रन चढवला आणि मशीनशेजारी उभी राहून वाट बघू लागली. आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाची तिनं इतकी आवडीनं वाट पाहिली नव्हती.

जीशान फळीसकट दारात आला. आधी त्याला मेंदी दिसली. मग ॲप्रन. मग चेहरा.

"या," हुमा म्हणाली. "मी ती अकडू."

जीशाननं फळीकडे असं पाहिलं, की तिनं तरी आधी सांगायला हवं होतं.

मोहियोद्दीनभाई दुकानाच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसत. अर्ध्या नांदेडच्या दारांवर त्यांच्या हातच्या वेली होत्या. नजर मंदावली तसं हातकाम सुटलं. मशीनला पैसे त्यांनीच दिले, आणि मशीन आलं त्या दिवसापासून ते मशीनकडे पाठ करून बसत. "लाकडाला हात लागला पाहिजे," एवढं ते रस्त्याला उद्देशून म्हणत. रस्ता ऐकून घेई.

जीशाननं कागद उलगडला, आणि हुमाची चेष्टा करायची हौस जरा मागे सरली. अक्षरं खरंच देखणी होती. उभी रेघ ताठ, खाली येताना किंचित निमुळती. 'ध'ची गाठ अशी घातलेली, की सोडून पुन्हा घालून बघावीशी वाटावी.

मजकूर मात्र संस्थेच्या अध्यक्षांनी, हणमंतरावांनी, स्वतः आखून दिला होता. सगळ्यात वर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हणमंतराव. त्याखाली मध्यम अक्षरांत उपाध्यक्ष आणि सचिव, त्याखाली बारीक अक्षरांत संचालक मंडळ. मग एक आडवी रेघ. रेघेच्या खाली, कोपऱ्यात, मुंगीनं पाय ओढत जावं इतक्या बारीक अक्षरांत, 'जागा : धोंडाबाई'.

"ही रेघ कशाला?"

"मान्यवर कुठं संपले ते कळावं म्हणून," जीशान म्हणाला. "अध्यक्षसाहेबांचा आग्रह हाय. रेघ पाहिजेच."

"आणि एवढं बारीक नाव वाचणार कोण?"

"तेच तर. त्यांनी नाव टाकायचं कबूल केलं, पण जागा उरली तेवढीच. एवढ्यात कोपरा येईल? खरं सांगा."

हुमानं ड्रॉवर उघडून मशीनला लावायचे कोरणीचे बिट मांडले. पहिला करंगळीएवढा होता आणि शेवटचा दिसण्यासाठी वाकावं लागत होतं.

"बिट गोल फिरतो, म्हणून कोपरा गोल येतो. बिट जाडा तर गोलाई मोठी, बिट बारीक तर गोलाई बारीक. आधी सहा एमएमचा लावायचा, तो भराभर लाकूड काढतो. त्याला जिथं शिरता येत नाही तिथं तीनचा. त्याचं राहील ते दीडचा, त्याचं राहील ते एकचा, मग अर्ध्याचा. आणि सगळ्यात शेवटी हा टोकाचा, पेन्सिलीसारखा. हा कोपऱ्यात शिरतो आणि वर उठत उठत टोक काढतो. लातूरवाले सहाचा फिरवून बिल फाडतात."

"आन् तुम्ही?"

"माझ्या मशीनवर अक्षराचा कोपरा गोल आला, तर मशीन विकून टाकीन."

उंबऱ्यावरची खुर्ची करकरली. "लाकडाला हात लागला पाहिजे," मोहियोद्दीनभाईंनी रस्त्याला सांगितलं.

अक्षरं कंप्युटरवर चढवायचं काम हुमाचं होतं. त्याला जीशानची काडीचीही गरज नव्हती. तरी तो दुसऱ्या दिवशी लातूरहून हजर. तिसऱ्या दिवशीही.

"दुरुस्त्या फोनवर कळवल्या असत्या तरी चाललं असतं," हुमा म्हणाली.

"आमच्याकडं नेट येत न्हाई."

"लातुरात नेट येत नाही?"

"आमच्या गल्लीत."

"कालच रात्री मला 'नीट पोचलो' म्हणून कुणी पाठवलं मग?"

"तवा... जरा आलं होतं."

दोघं मराठीतच बोलत. खरं म्हणजे दोघांच्याही घरात दख्खनी. पण बसमधलं भांडण मराठीत सुरू झालं होतं, आणि परक्या माणसाशी घरच्या बोलीत बोलायला लागलं की तो परका उरत नाही. हुमाला हे पक्कं ठाऊक होतं. जीशानलाही. म्हणून दोघंही आपापली मराठी घट्ट धरून होते.

कामाच्या दिवशी जीशान पाटी रंगवायचा आपला ब्रश घेऊन आला. सहाचा बिट हणमंतरावांच्या नावातून घोंगावत फिरला आणि जीशान त्याच्यामागून ब्रशनं भुसा झाडत गेला. सागाचा तो तेलकट, जरा कडवट वास दुकानभर पसरला. अध्यक्ष उत्तम उतरले.

आता तीनचा बिट. या धंद्यात एक गोष्ट नमाजासारखी चुकवायची नसते: बिट बदलला की झीरो पुन्हा घ्यायचा. नव्या बिटाची लांबी वेगळी. त्याचं टोक लाकडाला नेमकं कुठं टेकतं, हे मशीनला नव्यानं सांगावं लागतं. हुमा बिटाखाली कागदाचा कपटा धरायची आणि कपटा हलायचा थांबेपर्यंत बिट उतरवत जायची. त्या वेळी दुकानात कुणी बोललेलं तिला खपत नसे. म्हणून जीशान गप्प बसला.

तीच अडचण झाली. बोलणारा जीशान तिला पाठ झाला होता. गप्प जीशान नवा होता. तो फळीवर वाकून 'ह'च्या पोटातला भुसा काढत होता. ब्रशचं टोक ओलं करून, श्वास रोखून, झोपलेल्या लेकराच्या डोळ्यातलं काजळ पुसावं तसा. एक बट कपाळावर आली होती, आणि हात मोकळा नसल्यामुळे तो ती नुसता फुंकून वर उडवत होता. बट परत खाली येत होती...

हुमानं बिट आवळला. कपटा तिच्या बोटांत तसाच राहिला. तिनं बटण दाबलं.

तीनच्या बिटाला पहिलं काम होतं ती आडवी रेघ, नखानं ओढावी इतकी उथळ. बिट खाली आला आणि येतच राहिला. मशीन खर्जात ओरडलं. हुमानं लाल बटणावर हात मारला तोवर फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटभर खोल नाली पडली होती.

"या अल्ला!" हुमाच्या तोंडून निघालं. "क्या कर को बैठी मैं!"

"कुछ नै हुआ," जीशान म्हणाला. "तुम पैले हाथ दिखाओ. लगा तो नै?"

एवढ्या गडबडीतही, भाषा बदलल्याचं दोघांच्या लक्षात आलं. दाखवलं कुणीच नाही.

हाताला काही झालं नव्हतं. फळीला व्हायचं ते झालं होतं. दुसरी फळी नव्हती, दुसरं झाड नव्हतं, आणि सव्वीस तारीख तीन दिवसांवर होती. जीशान नालीच्या कडेला बसला. धोंडाबाईला दिलेला शब्द आता तिथं वाहून चालला होता.

"पुट्टी भरू," तो हळूच म्हणाला. "वर पॉलिश मारू."

"पुट्टी?" हुमाचे डोळे असे चमकले, की तो नालीपेक्षा त्या डोळ्यांनाच घाबरला. "माझ्या मशीनच्या कामात पुट्टी?"

ती फळीकडे बघत उभी राहिली. मग नालीत कपटा घालून तिनं खोली पाहिली, आणि नालीखालच्या मोकळ्या पट्टीवर तळहात फिरवला.

"रेघेच्या खाली सगळी जमीनच खाली नेली तर?" ती म्हणाली. "नालीएवढी. मग नाली उरतच नाही. ती काठ होते. सगळी पट्टी खोल, आणि त्यात फक्त अक्षरं सोडायची. उभी."

"उठावाची?"

"उठावाची. वरचे सगळे खोदलेले, आणि ही एकटी वर आलेली."

जीशान उठून उभा राहिला. "पण एवढी बारीक अक्षरं उभी राहतील?"

"नाही. मोडतील. उभं राहायचं तर अक्षराला अंग पाहिजे." हुमा अत्यंत निर्विकारपणे म्हणाली. "धोंडाबाईंचं नाव मोठं करावं लागेल. पट्टीभर. नाइलाज आहे. संचालक मंडळाला जरा वर सरकवून घेऊ; ते दाटीवाटीत बसतात, त्यांना सवय असेल."

जीशाननं त्याच दुपारी, दुकानाच्या फरशीवर पालथं पडून, नाव नव्यानं काढलं.

मग दोन दिवस बिट बारीक होत गेले. सहाच्यानं मोकळं रान साफ केलं. तीनचा अक्षरांच्या अंगाअंगाला फिरला. दीडचा 'बा' आणि 'ई'च्या मधल्या गल्लीत शिरला. एकच्यानं 'ध'ची गाठ सोडवली. प्रत्येक वेळी कपटा, झीरो, शांतता. आणि प्रत्येक वेळी हुमा जीशानला भिंतीकडे तोंड करून उभं करायची.

"मी काय केलं?"

"काही नाही. उभे राहा."

अर्ध्याचा बिट अनुस्वाराला गोल घालता घालता मोडला. हुमानं दुसरा लावला. तो टिकला. शेवटी टोकाचा बिट राहिला तेव्हा उंबऱ्यावरची खुर्ची रिकामी दिसली. मोहियोद्दीनभाई आत आले होते, हातात जुनी पटाशी.

"कोपरे दे इकडं," ते म्हणाले. "एवढं तरी हातानं होऊ दे."

हुमानं पटाशी धरलेला त्यांचा हात हातात घेतला, आणि हळूच खाली केला.

"नक्को अब्बा. माझं काम आहे. मीच पुरं करते."

बापाच्या पटाशीला असं आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. मोहियोद्दीनभाईंनी मुलीकडे पाहिलं, पटाशी बाकावर ठेवली, खुर्ची आत ओढली आणि पहिल्यांदाच मशीनकडे तोंड करून बसले.

टोकाचा बिट एकेका कोपऱ्यात उतरला आणि वर उठत उठत टोक काढत गेला. संपल्यावर त्यांनी 'ध'च्या कोपऱ्यात नख घालून पाहिलं. नख अडलं; कोपरा खरा होता. ते तसेच बाहेर गेले आणि समोरचा चहावाला, त्याचं गिऱ्हाईक आणि पंक्चरवाला अशी तीन माणसं घेऊन आले.

"काही विशेष नाही," ते त्यांना सांगत होते. "असंच. बघा म्हटलं. माझ्या पोरीनं केलंय."

सव्वीस जानेवारीला फलकावरचा पडदा हणमंतरावांनी ओढला. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. ते बिनचूक होतं. समाधानानं नजर खाली उतरत गेली, काठापाशी पोचली आणि तिथं ठेच लागून थांबली. कोवळं ऊन तिरपं पडलं होतं. वरची सगळी नावं सावलीत होती. खालच्या पट्टीवर 'धोंडाबाई' एवढंच उन्हात उभं होतं.

"रेघ कुठाय?" हणमंतरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आहे की," हुमा पुढे झाली. "जरा खोल गेली."

"हे कुणी असं करायला सांगितलं?"

"कुणी नाही. हात माझा चुकला होता. पुढचं जे केलं ते मात्र चूक नाही, साहेब. ते मी ठरवून केलंय."

"अक्षर माझं हाय," जीशान तिच्या शेजारी येऊन म्हणाला. "बोलायचं असंल तर मलाबी बोला."

पण तोवर बाया धोंडाबाईला पुढे घेऊन आल्या होत्या. म्हातारीनं पदराला हात पुसला आणि नावावर ठेवला. बोटं कान्यावरून खाली उतरली, मात्रेवर चढली.

"ह्ये मी?"

"हाव, मावशी," जीशान म्हणाला.

"हाताला लागतंय की रं!" मग तिनं वरच्या ओळींवर हात फिरवला. तिथं नुसते खड्डे लागले. "आन् ह्ये समदे?"

"ते मान्यवर. कोरलेले हायत."

"आसूं दे," धोंडाबाई मायेनं म्हणाली. "धूळ बसंल त्येंच्यात. मी येत जाईन पुसाया."

पहिली टाळी कुणी वाजवली कळलं नाही, पण दुसरी सगळ्या गावानं वाजवली. हणमंतरावांनी गर्दीकडे पाहिलं, वर आलेल्या मोबाइलांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि माइक हातात घेतला.

"मूळ कल्पना माझीच होती," ते म्हणाले, आणि त्यावर ते चांगला तासभर बोलले. बोलता बोलता त्यांना ते पटतही गेलं.

भाषण चालू असताना मोहियोद्दीनभाई मंडपात एकेकाला गाठून सांगत होते, "मशीनचं काम आहे बरं का. हातानं नाही होत असं." रस्त्याला जे रोज ऐकवलं होतं, त्याची आता ते भर सभेत परतफेड करत होते.

हुमा आणि जीशान शाळेच्या ओट्याच्या कडेला उभे होते. सगळ्यांना दिसतील असे, आणि कुणाला ऐकू जाणार नाही असे.

"एक विचारू?" जीशान म्हणाला. "तुम्ही झीरो घ्यायला विसरता... हे काही माझ्या डोक्यात शिरत न्हाई."

"उजेड कमी होता."

"भर दुपारी?"

"भुसा गेला डोळ्यात."

"कामाचा चष्मा होता की डोळ्यांवर."

हुमानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं. अध्यक्षांसमोर कबुली देताना तिला काही वाटलं नव्हतं. ही कबुली मात्र अर्ध्या एमएमच्या बिटानं करावी लागणार होती.

"तुमकू देख रई थी," ती म्हणाली.

जीशान गप्प झाला. तसाच, पहिल्यासारखा गप्प. कान मात्र लाल होत गेले. कपाळावरची बट खाली आली. या वेळी ती उडवायचंही त्याला सुचलं नाही. माइकवरून हणमंतराव दूरदृष्टीबद्दल बोलत होते.

"तो अब देखो ना," शेवटी तो म्हणाला. "अब मशीन बंद है."

हुमानं मान वर केली, आणि अख्ख्या गावादेखत, अब्बांदेखत, जराही घाई न करता, त्याच्याकडे बघत राहिली.